ऑर्बिट रीडर घरी आलंय, आता सुरुवात कुठून करू? (ब्रेल डिस्प्ले आणि नोट्स)

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. माझी मुलगी जन्मापासून पूर्ण अंध, आता नववीत आहे, गावातल्याच नेहमीच्या शाळेत जाते. ब्रेल तिला चांगलं येतं, पहिली ते चौथी निवासी अंधशाळेत होती तिथे पाटी आणि स्टायलसवर हात चांगला बसलाय. एका संस्थेकडून गेल्या आठवड्यात तिला ऑर्बिट रीडर २० (पिना वरखाली करून ब्रेल उमटवणारं छोटं यंत्र, त्यावर लिहिताही येतं) मिळालं. वाटपाच्या कार्यक्रमात तासभर दाखवलं, पण तिथे गर्दी इतकी की निम्मं ऐकूच आलं नाही आणि सोबतचं मॅन्युअल इंग्रजीत. मला स्वतःला ब्रेल वाचता येत नाही, तिचे बाबाही शेतीत.

घरी आल्यावर तिने काहीतरी लिहिलं, सेव्ह केलं, मी हौसेने मेमरी कार्ड काढून लॅपटॉपला लावून फाइल उघडली तर एम आर, मग मोठ्याचं चिन्ह (>), मग डब्ल्यू, मग नऊचा आकडा असलं काहीतरी दिसलं. मशीन बिघडलंय का? दुसरं म्हणजे मोबाईलला जोडायचं, लॅपटॉपला जोडायचं, पुस्तकं डाउनलोड करायची असं बरंच सांगितलं होतं, यातलं आधी काय करायचं? पुढच्या वर्षी दहावी आहे म्हणून जीवाला घोर लागलाय. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगा.

टिंबटिंब
ताई, आधी अभिनंदन. आणि मशीन अजिबात बिघडलेलं नाही. तिने "मराठी" लिहिलंय!

समजावतो. मी पण अंध आहे, बँकेत नोकरीला आहे, बरीच वर्षं ब्रेल डिस्प्ले वापरतोय. आपलं मराठी ब्रेल म्हणजे भारती ब्रेल, १९५१ पासून सगळ्या भारतीय भाषांना तोच साचा आहे. त्यात म ला तीच टिंबं जी इंग्रजी एम ला, र ला आर ची, क ला के ची. ठ ची टिंबं इंग्रजीत डब्ल्यूची. काना म्हणजे टिंबं ३-४-५ आणि दीर्घ ई म्हणजे ३-५ (घरातली टिंबं मोजताना डावीकडे वरून खाली १-२-३, उजवीकडे ४-५-६). आता बीआरएफ फाइलमध्ये (मशीन ब्रेल साठवतं तो फाइलचा प्रकार) प्रत्येक टिंबरचनेला कीबोर्डवरचं एकेक ठरलेलं चिन्ह असतं, ३-४-५ ला मोठ्याचं चिन्ह, ३-५ ला नऊ. मशीनने फक्त टिंबं साठवली, ती मराठी का इंग्रजी हे त्याला माहीत नाही, आणि तुमच्या लॅपटॉपने ती चिन्हं जशीच्या तशी दाखवली. म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. लावून बघा.

यातून तुम्हाला एक फायदा आहे बरं का. ब्रेल येत नसलं तरी तिचं शुद्धलेखन तुम्ही स्क्रीनवर तपासू शकता. तिने "दिन" लिहिलं तर डी आय एन दिसेल, "दीन" लिहिलं तर डी नऊ एन. ळ आला की अंडरस्कोर दिसेल, "कमळ" म्हणजे के एम अंडरस्कोर. सरावाने ओळखू येतं.

सुरुवात कुठून याचं उत्तर संध्याकाळी नीट लिहितो, आत्ता काउंटरवर आहे.

भांडुपकर
धागा छान आहे, पण मनात आलं ते विचारतो, गैरसमज नको. आता मोबाईलमध्ये टॉकबॅक आहे, सगळं बोलून दाखवतं, बोललेलं टाइपही होतं. मग या मशीनची गरज किती? माझा चुलतभाऊ सगळं ऐकूनच करतो.

वर्गाबाहेर
भांडुपकर, प्रश्न रास्त आहे म्हणून उत्तर देते. मी विशेष शिक्षिका आहे, मराठवाड्यात शाळाशाळांत फिरून दृष्टिबाधित मुलांना शिकवते. नुसतं ऐकून शिकलेली हुशार मुलं माझ्यासमोर बसतात, तोंडी उत्तर दिलं की ऐकत राहावं अशी, आणि लिहायला सांगितलं की "शीर" का "शिर", "सुत" का "सूत" हे कळत नाही, कारण शब्द त्यांनी कधी बोटाखाली बघितलेलाच नसतो. डोळस मूल दिवसभर पाट्या, फळा, बिस्किटाचा पुडा वाचत असतं. अंध मुलाला अक्षर भेटतं ते फक्त ब्रेलमध्ये. जोडाक्षर कसं होतं, अनुस्वार कुठे, परिच्छेद कुठे तुटला, स्वल्पविराम कुठे, हे ऐकण्यातून हाती लागत नाही. ऐकू नये असं नाही, ऐकावंच, कादंबरी ऐकून वाचायला काय हरकत आहे. पण ज्याला स्वतः लिहायचंय त्याला अक्षर लागतंच, आणि यात मी तडजोड करत नाही.

आणि कागदावरचं ब्रेल किती जागा खातं ते ज्याने बघितलंय त्यालाच कळतं. इतिहासाच्या एका पुस्तकाचे जाडजूड तीन चार खंड होतात. ते दप्तरात कोण नेणार.

समुद्रकाठी
+१ वर्गाबाहेर. शिवाय बधिरांध मुलांचा विचार करा. ज्याला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही त्याला टॉकबॅकचा काय उपयोग? ब्रेल डिस्प्ले जोडला की तीच मुलं व्हॉट्सॲपवर गप्पा मारतात, मी डोळ्यांनी बघितलंय. मुंबईत हेलन केलर संस्था १९७७ पासून बधिरांधांसाठी काम करतेय, तिथे जाऊन एकदा बघून या कुणीही, परत हा प्रश्न पडणार नाही.

भांडुपकर
पटलं. हा विचार केलाच नव्हता. वाचतोय, चालू द्या.

टिंबटिंब
हां, आता बसलो निवांत. ताई, लांबलचक होणार आहे.

माझं स्पष्ट मत असं की पहिले काही आठवडे ते मशीन कशालाही जोडू नका. ना मोबाईल, ना लॅपटॉप. ती तिची वही आहे असं समजून फक्त वही म्हणून वापरू दे. बहुतेक लोकांचं इथेच बिनसतं. पहिल्याच दिवशी ब्लूटूथ लावायला जातात, कनेक्ट होत नाही, वैताग येतो आणि मशीन कपाटात जाऊन पडतं. मी अशी कपाटात पडलेली मशीनं बरीच बघितलीत आणि वाईट वाटतं, कारण ज्याला मिळायला हवं होतं त्याला मिळालेलं असतं आणि तरी वाया जातं.

तर पहिलं काम म्हणजे हाताने ओळख. वरच्या सहा कळा पर्किन्ससारख्या (पर्किन्स म्हणजे ब्रेलचं टाइपरायटर), शिवाय ७ आणि ८ या टिंबांच्या दोन, स्पेस, मधे चार बाणांची कळ आणि तिच्या मध्यावर सिलेक्ट. वाचायच्या पट्टीच्या दोन्ही टोकांना पुढे-मागे सरकायच्या कळा, त्याला पॅनिंग म्हणतात. पट्टीत २० घरं, एकेक घर आठ टिंबांचं, म्हणजे १६० पिना वरखाली होतात. ओळ बदलली की खुडखुड आवाज येतो आणि पिना उठायला क्षणभर लागतो, तो बिघाड नाही, तिला आधीच सांगून ठेवा. महागड्या पिझो डिस्प्लेमध्ये ओळ चटकन बदलते, पण तिथे किंमतही तशी असते. ऑर्बिटच्या पिना मात्र उठल्या की घट्ट उभ्या राहतात, कागदावरच्या चांगल्या ब्रेलसारख्या लागतात बोटाला.

दुसरं, पाटीवर आपण उजवीकडून डावीकडे लिहितो, अक्षर उलटं टोचतो आणि कागद पालटून वाचतो. इथे तसं नाही, जसं वाचायचं तसंच लिहायचं, सगळी टिंबं एकदम दाबायची. पाटीवर वाढलेल्या मुलांना पहिले काही दिवस १ आणि ४ ची अदलाबदल होते. "ए" लिहायला जावं आणि "इ" उमटावी असं होतं, कारण ए म्हणजे १-५ आणि इ म्हणजे २-४, आरशातली जोडी आहे ती. तिला रागावू नका, चार ओळी रोज लिहिल्या की बोटं आपोआप वळतात.

तिसरं, वाचताना दाबायचं नाही. कागदावर वाचणारी मुलं बोट जरा रेटतात, इथे पिनांवर हलकं बोट पाहिजे. डाव्या हाताने ओळीची सुरुवात धरायची, उजव्याने पुढे जायचं, आणि शेवटचं घर येता येता अंगठा पॅनिंगच्या कळेवर तयार. ही लय बसली की वाचनाचा वेग असा वाढतो की बघत राहाल.

आणि लिहायचं काय, तर तिला रोजचंच काहीतरी लिहू दे. उद्याचं वेळापत्रक, मैत्रिणींचे फोन नंबर, बाजाराची यादी. तुम्ही भाजी आणायला जाताना यादी तिच्याकडून वाचून घ्या. अभ्यासाचं नंतर. मशीन उघडायची सवय आधी लागायला हवी आणि ती अभ्यासाने लागत नाही.

फाइलला नाव देताना छोटं द्या, इंग्रजी अक्षरात, आधी विषय मग तारीख. नाहीतर दोन महिन्यांनी कार्डात पन्नास फाइली होतात आणि भूगोल कुठला ते सापडत नाही. विषयवार फोल्डर करा. आणि दर रविवारी कार्डातलं सगळं लॅपटॉपवर कॉपी. कार्ड लॅपटॉपमधून काढताना सेफली रिमूव्ह करूनच काढायचं, तसंच उपटलं तर फाइल खराब होऊ शकते.

कृष्णाकाठ
दादा, किती समजावून लिहिलंत! रात्री तिला सगळं वाचून दाखवलं. ए आणि इ चं ऐकून ती जोरात हसली, म्हणाली अगं हेच होतंय माझं. "दीन" लिहायला सांगितलं आणि लॅपटॉपवर बघितलं, खरंच डी नऊ एन. आजवर तिने लिहिलेलं मला कधी वाचता आलं नव्हतं हो.

आता पुढचं विचारते. शाळेची पुस्तकं यात कशी टाकायची? मी बालभारतीची पीडीएफ डाउनलोड करून तशीच कार्डात टाकली, काही दिसलं नाही.

लिबलुई_प्रेमी
पीडीएफ चालणार नाही ताई. वर्डची फाइल तशीच टाकून पण नाही चालणार. साधं मराठी टेक्स्ट टाकलंत तरी या मशीनला देवनागरीचं ब्रेल स्वतः करता येत नाही. आधी संगणकावर मराठीचं ब्रेल करायचं, मग ती बीआरएफ कार्डात टाकायची. दोन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी म्हणजे शुद्ध युनिकोड मजकूर मिळवणं. मराठी पीडीएफमधून कॉपी-पेस्ट केलं तर वेलांट्या उड्या मारतात, जोडाक्षरं फुटतात, रफार भलतीकडे जातो. त्यापेक्षा पीडीएफ गूगल ड्राइव्हवर चढवा आणि गूगल डॉक्समध्ये उघडा, तो पानाचं चित्र वाचून मजकूर काढतो, मराठी बऱ्यापैकी चांगलं येतं. मोठी पीडीएफ असेल तर धडा धडा वेगळा करा. मग एकदा नजर फिरवा, चौकटीतला मजकूर आणि चित्राखालच्या ओळी मधेच घुसलेल्या असतात, त्या शेवटी नेऊन ठेवा. हे काम डोळस माणसाने करावं, घरातला कुणीही करू शकतो.

शाळेतल्या सरांनी नोट्स दिल्या आणि त्या श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्या स्क्रीनवर मराठी दिसतात पण आतून इंग्रजी अक्षरंच असतात, त्यांचं ब्रेल केलं तर निव्वळ कचरा येतो.

दुसरी पायरी, ब्रेल करणं. डक्सबरी नावाचं सॉफ्टवेअर आहे, ब्रेल छापखाने तेच वापरतात, पण विकतचं आणि महाग. फुकटात हवं तर साओ माई ब्रेल घ्या, व्हिएतनाममधल्या साओ माई या अंधांसाठीच्या केंद्राने बनवलंय. आतून ते लिबलुई वापरतं. लिबलुई म्हणजे मजकुराचं ब्रेल करणारं ओपन सोर्स इंजिन, नाव लुई ब्रेलवरूनच, आणि त्यात मराठीचं टेबल (कुठल्या अक्षराला कुठली टिंबं याची यादी) आहे. मजकूर पेस्ट करा, मराठी निवडा, ओळीची रुंदी २० करा, बीआरएफ म्हणून सेव्ह करा. रुंदी विसरू नका, नेहमीच्या बीआरएफची ओळ ४० घरांची असते, २० घरांच्या पट्टीवर तिचे दोन तुकडे होतात आणि मधे नको तिथे रिकाम्या जागा लागतात.

पहिल्यांदा एकच धडा करा आणि तिलाच तपासायला द्या. ती सांगेल कुठे गडबड आहे. "मऊ" सारखे शब्द मुद्दाम बघायला सांगा, भारती ब्रेलमध्ये मात्रा आणि स्वतंत्र स्वर एकच असतो म्हणून म नंतर अ घालून मग ऊ लिहितात, नाहीतर तो "मू" वाचला जातो. जोडाक्षरात टिंब ४ अक्षराच्या आधी आलंय ना तेही बघा.

भांडुपकर
असं पुस्तकाचं रूपांतर करून वापरणं कायद्यात बसतं का? कॉपीराइटचं काय?

वर्गाबाहेर
बसतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात दिव्यांग व्यक्तीसाठी वाचनीय प्रत करायला, दुसऱ्या दिव्यांगाला द्यायलाही मुभा आहे, वैयक्तिक वापर, शिक्षण आणि संशोधनासाठी. माराकेश करार (अंधांसाठी वाचनीय प्रती करायला मुभा देणारा आंतरराष्ट्रीय करार) तर भारताने २०१४ मध्ये सगळ्या जगात पहिल्यांदा मंजूर केला. धंदा करायचा नाही, बाकी निर्धास्त राहा.

आणि सगळंच घरी करायची गरज नाही ताई. सुगम्य पुस्तकालय नावाचं ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून आहे, केंद्र सरकार, डेझी फोरम ऑफ इंडिया (अंधांसाठी वाचनीय पुस्तकं करणाऱ्या संस्थांचा गट) आणि टीसीएस यांनी मिळून उभं केलेलं. अंधत्वाचा दाखला लागतो, डेझी फोरमच्या एखाद्या सदस्य संस्थेमार्फत नोंदणी होते, पैसे लागत नाहीत. मराठी पुस्तकं आहेत. बुकशेअर या अशाच ऑनलाइन ग्रंथालयात इंग्रजी गोष्टींची पुस्तकं भरपूर आणि ती थेट बीआरएफमध्ये उतरवता येतात, नववी-दहावीच्या मुलीला इंग्रजी वाचनाला ते सोनं आहे.

मात्र गणितासाठी या मशीनवर विसंबू नका असं मी सांगेन. एकाच ओळीची पट्टी आहे, उभी मांडणी, अपूर्णांक, हातचे हे त्यावर दिसत नाही. टेलर फ्रेम (खिळे लावून गणित मांडायची पाटी), ॲबॅकस आणि पाटी चालूच ठेवा, भूमितीच्या आकृत्या उठावाच्याच लागतील. भाषा, इतिहास, विज्ञानाची उत्तरं, यासाठी मशीन.

सह्याद्रीपलीकडे
मध्येच घुसतो, मला कॉलेजसाठी घ्यायचंय. २० घरांचं घेऊ का ४०? आणि मुंबईत बनलेलं ब्रेलमी पण ऐकलंय, ते कसं आहे?

टिंबटिंब
तुमचं काम काय त्यावर आहे. प्रवासात, वर्गात, नोट्सला २० पुरतं, दप्तरात मावतं, मांडीवर बसतं. एक्सेल, कोडिंग, बँकेतले तक्ते असं असेल तर ४० बरं पडतं, कारण २० मध्ये एक ओळ तीन तीनदा सरकवावी लागते. मी ऑफिसात ४० आणि बॅगेत २० ठेवतो.

किमतीचा प्रश्न असा की पिझो प्रकारात प्रत्येक टिंबाला एक बारीक पट्टी असते, विजेचा दाब दिला की ती वाकते आणि पिन वर उचलते. ४० घरं म्हणजे अशा ३२० पट्ट्या. म्हणून ब्रेलियंट, फोकस, ब्रेलसेन्स यांच्या किमती लाखांत जातात. ऑर्बिट आणि ब्रेलमी दोघांनी पिझो सोडून वेगळ्या पद्धतीने पिना उचलल्या म्हणून ती स्वस्त झाली. ब्रेलमी मुंबईच्या इनोव्हिजनचं, २० घरांचंच. विकत घेण्याआधी हातात घेऊन बघा हा माझा आग्रह आहे. पिनांचा स्पर्श प्रत्येकाला वेगळा आवडतो आणि तो यूट्यूबवर कळत नाही. मुंबईत झेवियर्स कॉलेजातल्या रिसोर्स सेंटरला फोन करून विचारा दाखवतील का, आणि दिल्लीचा सक्षम ट्रस्ट ऑर्बिटचं बघतो.

एक बघाच, कर्सर राउटिंगची बटणं आहेत का. प्रत्येक घरावर एक छोटं बटण असतं, ते दाबलं की कर्सर थेट त्या अक्षरावर. ऑर्बिट रीडर २० ला ती नाहीत. नोट्स काढायला अडत नाही, पण मोठा मजकूर दुरुस्त करायचा तर फार जाणवतं.

कोल्हापूरची_पोर
पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून मी बोलते. माझ्या भावासाठी आम्ही ग्रामपंचायतीच्या ५ टक्के दिव्यांग निधीतून मदत मिळवली. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका सगळ्यांना स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. लेखी अर्ज, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), कोटेशन आणि पोच घ्यायची. तोंडी सांगून काही होत नाही. मार्च जवळ आला की निधी संपवायची घाई असते, त्याच्या बरंच आधी अर्ज जाऊ द्या. केंद्राची साहाय्यक साधनांसाठीची एडिप योजना पण आहे, जिल्ह्याच्या दिव्यांग कार्यालयात चौकशी करा.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. इतिहासाचा पहिला धडा केला लिबलुईदादांनी सांगितला तसा. तिला दोन ठिकाणी चुका सापडल्या, दोन्ही गूगलच्या होत्या, मी दुरुस्त केल्या. काल रात्री दिवे गेले होते तरी ती वाचत बसली होती, मला म्हणाली तुम्हाला मेणबत्ती लागते, मला नाही.

आता मोबाईल आणि लॅपटॉपला जोडायचं विचारू का? भावाचा जुना लॅपटॉप आहे, त्यात एनव्हीडीए (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकलंय.

लिबलुई_प्रेमी
एनव्हीडीए टाकलंय म्हणजे अर्धं काम झालं. फुकट, ओपन सोर्स आणि ब्रेलला उत्तम.

मशीन यूएसबीने जोडा. वायर डेटाची हवी, नुसत्या चार्जिंगची वायर असेल तर लॅपटॉपला मशीन दिसणारच नाही, निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. मग एनव्हीडीए की, कंट्रोल आणि ए एकत्र दाबा, ब्रेल डिस्प्ले निवडायची खिडकी येते, तिथे ऑटोमॅटिक ठेवा. नाही सापडलं तर मशीनच्या मेनूत यूएसबीचा मोड बदलून बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ब्रेल सेटिंगमध्ये आउटपुट टेबल मराठी करा. टेबल इंग्रजी राहिलं आणि समोर मराठी मजकूर आला तर एका क च्या जागी बॅकस्लॅश, एक्स, शून्य, नऊ, एक, पाच अशी माळ उमटते, तो त्या अक्षराचा युनिकोड नंबर. २० घरांत जेमतेम दोन-तीन अक्षरं मावतात फक्त! लोक घाबरून डिस्प्ले खराब म्हणून परत पाठवतात. इंग्रजी वाचायचं तेव्हा टेबल परत इंग्रजी. इनपुट टेबलही मराठी केलं की ती मशीनवर टिंबं दाबेल आणि वर्डमध्ये थेट देवनागरी उमटेल, म्हणजे शाळेतल्या सरांना ब्रेल येत नसलं तरी तिचा निबंध त्यांना वाचता येईल. टिंब ७ म्हणजे शेवटचं घर खोडणे, टिंब ८ म्हणजे एंटर. शब्द अर्ध्यात तुटू नये म्हणून वर्ड रॅप चालू ठेवा.

आणि ताई, तुमच्यासाठी खास. एनव्हीडीएच्या टूल्स मेनूत ब्रेल व्ह्यूअर आहे. तो चालू केला की तिच्या बोटाखाली जे असेल ते स्क्रीनवर टिंबांत आणि खाली अक्षरांत दिसतं. शेजारी बसून शिकायला याच्यासारखं काही नाही.

टिंबटिंब
मोबाईलचं मी सांगतो. अँड्रॉइड १३ च्या सुमारास टॉकबॅकमध्येच ब्रेल डिस्प्लेची सोय आली, पूर्वी वेगळं ॲप लागायचं. ॲक्सेसिबिलिटी, टॉकबॅक, सेटिंग्ज, ब्रेल डिस्प्ले असं जा. तुमच्या फोनमधल्या भाषांच्या यादीत मराठी दिसतंय का तेही तिथेच बघून घ्या. आयफोन असेल तर नेहमीच्या ब्लूटूथच्या पानावरून जोडू नका, व्हॉइसओव्हरच्या (आयफोनमधलं टॉकबॅकसारखं) सेटिंगमध्ये ब्रेल आहे तिथूनच जोडा.

दोन्हीकडे स्पेस आणि टिंब ४ म्हणजे पुढचं, स्पेस आणि टिंब १ म्हणजे मागचं, स्पेस आणि एच म्हणजे होम, स्पेस आणि बी म्हणजे बॅक. एवढ्या चारांवर महिनाभर काढा. बाकीचे शॉर्टकट गरज पडेल तसे येतात.

वर्गाबाहेर
दहावीचं राहिलं. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत परीक्षार्थीला ब्रेल, संगणक, मोठा टाइप असा पर्याय निवडायची मुभा दिली होती, जादा वेळ तासाला किमान २० मिनिटं. पण बोर्डाची परवानगी शाळेमार्फत आधी घ्यावी लागते आणि मेमरी कार्ड असलेलं यंत्र म्हटलं की केंद्रसंचालक बिचकतात. म्हणून आत्ता नववीतच मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या आणि घटक चाचण्या तिला मशीनवर लिहू द्या असं सांगा. शाळेला सवय झाली तर पुढे भांडावं लागत नाही. सोबत लेखनिकाचा अर्जही भरून ठेवा, एक दार बंद झालं तर दुसरं उघडं हवं.

कोल्हापूरची_पोर
पावसाळ्याचं पण सांगा कुणीतरी, आमच्याकडे भिंतीला बुरशी येते.

टिंबटिंब
बरं आठवण केलीत. हात धुऊन, पूर्ण कोरडे करूनच पट्टीला हात लावायचा. तेल, क्रीम, भेळ, चिवडा काही नको, पिनांच्या भोकात कण गेला की ते टिंब अडकतं. वापरून झालं की केसमध्ये. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका, बुटाच्या खोक्यात येतात त्याच, आणि त्या अधूनमधून बदला. सुई, टाचणी, ओला बोळा घेऊन पिना साफ करायला कुणी बसू नये, एखादं टिंब अडलंच तर जिथून मिळालं त्यांच्याकडे द्या.

कृष्णाकाठ
मुख्याध्यापकांना उद्याच पत्र देते. वर्गाबाहेर ताई, मसुदा इथे टाकला तर बघाल का? आणि लेक विचारतेय की घटक चाचणीत पेपर मशीनवर लिहिला तर तो सरांना द्यायचा कसा, सरांना ब्रेल येत नाही.

वर्गाबाहेर
टाका, बघते. पेपरचं दोन प्रकारे होईल. शाळेत लॅपटॉप असेल तर वर सांगितलं तसं इनपुट टेबल मराठी करून थेट वर्डमध्ये लिहायचं आणि प्रिंट काढायची. नसेल तर तिने मशीनवर लिहावं, मग परीक्षा संपल्यावर सरांसमोर बसून तिनेच मोठ्याने वाचावं आणि सरांनी उतरवून घ्यावं, कार्ड मात्र तिथेच सरांकडे जमा करायचं म्हणजे कुणाला शंका नको. पत्रात दोन्ही लिहा.

लिबलुई_प्रेमी
आणि परीक्षेसाठी कोरं, वेगळं कार्ड ठेवा. ३२ जीबीपर्यंतचं घ्या आणि फॅट ३२ ला फॉरमॅट करून घ्या, त्यावर बाकी काही नको.